मनुष्य अमर झाला तर?

मृत्यूविषयीची भीती मनुष्यजातीइतकीच जुनी आहे, आणि मृत्यू टाळण्याची इच्छाही तितकीच जुनी आहे. जगातील बहुतेक सर्व प्राचीन वाङ्मयांत अमृताच्या शोधाच्या कथा आढळतात. परंतु या कथा बारकाईने वाचल्या, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ज्यांना अमरत्व किंवा अतिदीर्घ आयुष्य लाभले, ते कथेच्या अखेरीस सुखी झालेले क्वचितच दिसतात.

महाभारतातील अश्वत्थामा मरत नाही. पण कपाळावरची जखम घेऊन त्याला रानोमाळ भटकावे लागते. ही चिरंजीविता वर नसून शिक्षा आहे. ग्रीक पुराणातील उषादेवीने आपल्या प्रियकरासाठी, टिथोनससाठी, अमरत्व मागितले. परंतु तारुण्य मागण्यास ती विसरली. परिणामी तो झिजत, आक्रसत, केवळ आवाजापुरता उरला. अँग्लो-आयरिश लेखक जोनाथन स्विफ्ट याने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गलिव्हरच्या प्रवासा’त असेच न मरणारे, पण दिवसेंदिवस जराजर्जर होत जाणारे लोक रंगविले आहेत.

दुसऱ्या प्रकारच्या कथा याहून निराळ्या आहेत. ययातीला पुरूने आपले तारुण्य दिले आणि त्याने ते हजार वर्षे भोगले. त्याचे शरीर थकले नव्हते. तरीही एके दिवशी त्याने ते तारुण्य मुलाला परत केले. वि. स. खांडेकर यांनी १९५९ साली ही कथा कादंबरीच्या रूपाने मराठी वाचकांपुढे पुन्हा मांडली. चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२२ सालच्या एका नाटकाची नायिका रसायनाच्या प्रभावाने तीनशेहून अधिक वर्षे तरुण राहिली आहे, आणि अखेर ते रसायन पुन्हा घेण्याचे ती नाकारते.

या दोन प्रकारच्या कथांत वस्तुतः दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. म्हातारपण लांबत जाणारे अमरत्व इष्ट आहे काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेक सर्वजण नकारार्थी देतील. म्हातारपणच न येता अखंड जगता आले तर ते इष्ट होईल काय, हा दुसरा प्रश्न. आणि खरा वाद येथे आहे. आज हा प्रश्न केवळ पुराणिकांचा अथवा नाटककारांचा राहिलेला नाही. १९९३ साली अमेरिकेतील सिंथिया केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन आठवडे जगणाऱ्या एका सूक्ष्म गोलकृमीच्या एकाच जनुकात झालेल्या बदलाने त्याचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढते, असे दाखविले. २००९ साली उतारवयातील उंदरांना एक विशिष्ट औषध देऊन त्यांचे आयुष्य वाढविता आले. तेव्हा अमरत्वाविषयी विज्ञान काय सांगते, हे प्रथम पाहणे अगत्याचे आहे.

कोंबडीच्या हृदयाची गोष्ट

१९१२ सालच्या जानेवारी महिन्यात न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत अलेक्सिस कॅरल या शल्यवैज्ञानिकाने कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा एक लहानसा तुकडा काचपात्रात ठेवून त्याचे संवर्धन सुरू केले. त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. काचपात्रातील पेशी वाढत राहिल्या. कॅरल १९४४ साली निवर्तला, तरी त्या पेशींचे संवर्धन चालूच होते. १९४६ साली ते मुद्दाम थांबविण्यात आले. जी कोंबडी फार तर काही वर्षे जगली असती, तिच्या पेशी चौतीस वर्षे जगल्या! यावरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला, की पेशी स्वभावतः अमर आहेत. म्हातारपण हा पेशींचा नव्हे, तर त्यांच्या समूहाचा, म्हणजे शरीराचा दोष आहे.

हा निष्कर्ष चुकीचा होता. १९६१ साली फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले, की मनुष्याच्या सर्वसाधारण पेशी काचपात्रात सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. पोषक द्रवाचा हा दोष असेल काय, या शंकेच्या निरसनासाठी हेफ्लिक याने एक सोपा व सुंदर प्रयोग केला. पुरुषाच्या, पुष्कळ वेळा विभागून झालेल्या पेशी आणि स्त्रीच्या, थोड्याच वेळा विभागलेल्या पेशी त्याने एकाच पात्रात मिसळल्या. दोहोंना अन्न तेच, हवा तीच. काही काळाने पाहिले, तेव्हा पात्रात केवळ स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. म्हणजे मर्यादा पात्रात नव्हती. ती पेशींच्या आतच होती. पेशी गोठवून ठेवल्या आणि कालांतराने पुन्हा उबेला आणल्या, तरी जितकी विभाजने शिल्लक होती तितकीच त्या पुरी करीत. कॅरलच्या पात्रात बहुधा पोषणासाठी घातलेल्या गर्भाच्या अर्काबरोबर नव्या पेशी वरचेवर पडत असाव्यात, असे आज मानले जाते.

पेशीला आपली विभाजने कशी मोजता येतात, याचे उत्तर पुढे गुणसूत्रांच्या टोकांत सापडले. या टोकांवर टेलोमिअर नावाची टोपणे असतात. बुटाच्या नाडीचे टोक उसवू नये म्हणून त्यावर जशी टोपी बसविलेली असते, तसे हे काम आहे. प्रत्येक विभाजनात हे टोपण किंचित आखूड होते आणि पुरेसे आखूड झाले, की पेशी विभागण्याचे थांबते. १९८४ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न व कॅरल ग्रायडर यांना ही टोपणे पुन्हा लांब करणारे एक विकर सापडले. त्याला टेलोमरेज म्हणतात. या विषयावरील कार्याबद्दल त्या दोघींना व जॅक शोस्टाक यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

खरोखर अमर झालेल्या पेशी

मग हे विकर सर्व पेशींत जागे केले, तर मनुष्य अमर होणार नाही काय? या ठिकाणी निसर्गाचा एक गंभीर इशारा ऐकावयास हवा. मनुष्याच्या काही पेशी खरोखरच अमर झालेल्या आहेत. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या एकतीस वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीवर उपचार झाले. तिच्या शरीरातील गाठीच्या पेशी तिची अनुमती न घेताच प्रयोगशाळेत वाढविण्यात आल्या. त्या सुमारे चोवीस तासांत दुप्पट होत आणि थांबत नसत. आजही त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. बालपक्षाघातावरील लसीची परीक्षा करण्यास त्या उपयोगी पडल्या. त्या जिवंत असल्याचे तिच्या कुटुंबीयांना मात्र सुमारे दोन दशके ठाऊक नव्हते.

त्या पेशी अमर होत्या. परंतु ज्या शरीरात त्या अमर झाल्या, ते शरीर त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मृत्यू पावले. कारण मर्यादा न पाळणाऱ्या पेशींच्या वाढीलाच आपण कर्करोग म्हणतो. बहुसंख्य कर्करोगांच्या पेशींत टेलोमरेज जागे झालेले आढळते. पेशीवरील मर्यादा ही शरीराच्या दृष्टीने एक संरक्षक तटबंदी आहे.

किंबहुना शरीराची घडणच पेशींच्या मरणाने होते. गर्भाचा हात आरंभी वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. रक्तातील एक तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते आणि तिची जागा घेण्यासाठी शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार करते. आपण जगतो तो या अखंड मरणाच्या आधारावर.

म्हातारपण कशासाठी?

जर्मन जीववैज्ञानिक ऑगस्ट वाइसमान याने १८८१ साली असे मत मांडले, की झिजलेल्या जिवांनी नव्या पिढीसाठी जागा मोकळी करावी म्हणूनच निसर्गाने मृत्यू योजिला. हे मत मनाला पटण्याजोगे आहे व आजही पुष्कळांच्या तोंडी असते. परंतु उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी ते सोडून दिले आहे. जो प्राणी जागा अडवून बसेल आणि अधिक संतती निर्माण करील, त्याचीच संतती पुढे वाढेल. स्वतःहून बाजूला होणाऱ्याची नव्हे.

पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५१ साली एका व्याख्यानात निराळे उत्तर दिले. एखाद्या प्रयोगशाळेत काचनळ्यांचा साठा आहे, असे मानू या. काच म्हातारी होत नाही. तरीही हातून पडून दरमहा काही नळ्या फुटतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. काही वर्षांनी पाहिले, तर जुन्या नळ्या थोड्या व नव्या पुष्कळ दिसतील. प्राण्यांचेही तसेच आहे. वन्य प्राणी शिकार, उपासमार व रोगराई यांनी बहुधा तरुणपणीच मरतात. वृद्धापकाळापर्यंत पोचणारे विरळा. म्हणून जो आनुवंशिक दोष तरुणपणी प्रकट होतो, तो निसर्गनिवडीत गाळला जातो. उतारवयात प्रकट होणारा दोष मात्र निसटून पुढील पिढीत जातो. ही कल्पना मुळात जे. बी. एस. हॉल्डेन यांनी हंटिंग्टनच्या रोगाविषयी मांडली होती. मज्जासंस्थेचा हा भयंकर आनुवंशिक रोग सामान्यतः मध्यमवयात, म्हणजे मुले झाल्यावर दिसू लागतो, आणि त्यामुळेच तो वंशात टिकून राहतो.

तात्पर्य, म्हातारपण हा कोणाचा शाप नव्हे आणि कोणाची योजनाही नव्हे. ते निसर्गाचे दुर्लक्ष आहे. जेथे निसर्गाने केवळ दुर्लक्ष केले आहे, तेथे मनुष्याने लक्ष घालणे हा काही अपराध ठरत नाही. रोगावर उपचार करणे जर योग्य, तर जरेवर उपचार शोधणेही योग्यच म्हणावे लागेल.

अजर म्हणजे अमर नव्हे

डबक्यांत आढळणारा जलव्याल हा इवलासा प्राणी जवळजवळ म्हातारा होतच नाही. १९९८ साली डॅनियल मार्टिनेझ यांनी चार वर्षे निरीक्षण केलेल्या जलव्यालांत वयाबरोबर मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. मनुष्याचे तसे नाही. लंडनचा विमागणिती बेंजामिन गॉम्पर्ट्झ याने १८२५ साली दाखविल्याप्रमाणे प्रौढ वयानंतर मृत्यूचा धोका ठराविक गतीने वाढत जातो; साधारणपणे दर आठ वर्षांनी तो दुप्पट होतो. प्रमाणित नोंदींनुसार सर्वांत दीर्घायुषी व्यक्ती फ्रान्समधील झान काल्मां ही होय. तिचा जन्म १८७५ साली झाला आणि १९९७ साली, वयाच्या एकशेबाविसाव्या वर्षानंतर, ती मृत्यू पावली.

आता विज्ञानाने ही वाढ थांबविली आणि मृत्यूचा धोका कायमचा हजारी एक इतका, म्हणजे निरोगी तरुणाइतका राहिला, असे मानू. तरीही वाहने आदळतील, नद्यांना पूर येतील, नवे रोग उद्भवतील. दरवर्षी हजारांतील एक जाईल. हिशेब केला, तर सुमारे ६९३ वर्षांनी निम्मे लोक उरतील. एक हजार वर्षांनी हजारांपैकी ३६८. पाच हजार वर्षांनी सात. आणि सात हजार वर्षांनी एखादाच. म्हणजे म्हातारपण नष्ट झाले, तरी मृत्यू नष्ट होत नाही. तो केवळ वार्धक्याच्या मार्गाने न येता अवचित येऊ लागतो. आज ऐंशी वर्षांच्या आजीचे जाणे घरच्यांना दुःखद वाटते, पण अनपेक्षित वाटत नाही. अजर मनुष्यांच्या जगात प्रत्येक मृत्यू अकालीच असेल.

गावातील शाळा

अमरत्वाला सर्वांत मोठी अडचण लोकसंख्येची, असे नेहमी सांगितले जाते. हजार माणसांच्या एका गावात कोणीच मरत नाही आणि प्रत्येक जोडप्याला दोनच मुले होतात, असे धरले, तर दर पिढीस हजारांची भर पडेल. पंचवीस वर्षांची एक पिढी मानल्यास हजार वर्षांत त्या गावाची वस्ती एक्केचाळीस हजारांवर जाईल. हे कोणत्याही विहिरीला व शेताला झेपणारे नाही.

यावर उपाय आहे. प्रत्येक जोडप्याने एकच मूल होऊ द्यावे. मग पहिल्या हजारांत पाचशे मिळतील, पुढे अडीचशे, पुढे सव्वाशे, आणि ही बेरीज कितीही चालविली, तरी दोन हजारांच्या पलीकडे जाणार नाही. गणिताच्या दृष्टीने प्रश्न सुटला. परंतु हे उत्तर पुन्हा एकदा पाहावे. दर पिढीस मुले निम्मी होत जातील, आणि अडीचशे वर्षांनी सुमारे दोन हजार प्रौढांच्या त्या गावात एकच मूल जन्माला येईल.

अपघाती मृत्यू हिशेबात धरले, तर चित्र थोडे बदलते. दोन हजारांतून वर्षाला दोघे जातील, म्हणून दोघे जन्मू शकतील. पंधरा वर्षांखालील मुले त्या गावात तीसच्या आसपास राहतील. भारताच्या २०११ सालच्या जनगणनेचे प्रमाण लावले, तर आजच्या तेवढ्याच गावात अशी मुले सहाशेच्या घरात असतील. सहाशे मुलांच्या जागी तीस मुले! शाळेत एका वर्गात दोन विद्यार्थी, आणि बाहेर शेकडो वर्षे वयाचे, सर्व जागा भरून बसलेले दोन हजार अनुभवी लोक.

या मुलांच्या वाट्याला काय येईल, याचाही विचार केला पाहिजे. जमीन आधीच वाटली गेलेली असेल. न्यायाधीश, ग्रामप्रमुख, प्राध्यापक हे आपापल्या आसनांवर शतकानुशतके बसलेले असतील. जुलमी राजाला आज निदान काळ तरी हटवितो. तेथे तोही हटविणार नाही. ज्ञानाच्या क्षेत्रातही हे खोटे नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले, की जीवविज्ञानातील एखाद्या अत्यंत नामवंत संशोधकाच्या अकाली निधनानंतर त्याच्या विषयात त्याच्या निकटच्या सहकाऱ्यांचे लेखन घटते आणि बाहेरून आलेल्या नव्या संशोधकांचे वाढते. तो थोर संशोधक कोणाला मज्जाव करीत होता, असे नव्हे. केवळ त्याच्या उपस्थितीने इतरांचे पाऊल अडखळत होते. नवे मूल जगाकडे पहिल्यानेच पाहते, म्हणूनच मोठ्यांना न सुचणारे प्रश्न त्याला सुचतात.

मनाचा प्रश्न

समजा, याही अडचणी दूर झाल्या. एकट्या मनुष्याच्या दृष्टीने तरी अनंत आयुष्य सुखाचे होईल काय? ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात वर उल्लेखिलेल्या चापेकच्या नायिकेचा दाखला घेऊन असे प्रतिपादन केले, की अनंत आयुष्य अखेर कंटाळवाणे होणारच. मनुष्याचा स्वभाव जर तोच राहिला, तर त्या स्वभावाला रुचणारे सर्व अनुभव केव्हा तरी संपतील. आणि स्वभाव पार पालटला, तर ज्याने अमरत्व मागितले होते, तो मनुष्य उरलाच कोठे?

हा युक्तिवाद बलवान आहे, परंतु निर्णायक नाही. भूक तृप्त झाली, तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लागते. आवडता राग शेकडो वेळा ऐकूनही जुना होत नाही. आणि विज्ञानाचे प्रश्न तर एक सुटला की दहा उभे करतात. शंभरी गाठलेल्या कित्येकांना जीवनाचा कंटाळा आलेला नसतो. शिवाय ज्याला कंटाळा येईल त्याची गोष्ट निराळी. ज्याला आलेला नाही, त्याला मृत्यू हा हानीच वाटणार. म्हणून ‘मृत्यू आहे म्हणूनच जीवनाला गोडी आहे,’ असे म्हणून तरुण मुलाच्या मातेचे सांत्वन करू पाहणे हे तत्त्वज्ञान नव्हे, निर्दयता होय.

या ठिकाणी दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अकाली मृत्यू आणि मृत्यू या त्या दोन गोष्टी होत. १९५१ च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या जवळपास होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. ही वाढ कोणत्याही अमृताने झालेली नाही. स्वच्छ पाणी, लसी, प्रतिजैविके, सुरक्षित बाळंतपण आणि पुरेसे अन्न यांनी ती घडवून आणली. आणि तिचा मोठा वाटा वृद्धांचे वय वाढल्याने नव्हे, तर बालके वाचल्याने पडला आहे. हे कार्य अद्याप अपुरे आहे. देशातील कित्येक मुलांना आजही पूर्ण आयुष्य लाभत नाही. ते लाभावे, आणि लाभलेल्या आयुष्याची अखेरची वर्षे पंगू व परावलंबी नसावीत, ही इच्छा सर्वथा योग्य आहे. जरेवरील संशोधनाचे खरे साफल्य यातच आहे. अनंत आयुष्याची इच्छा मात्र याहून निराळी आहे. तिची किंमत जन्माला न आलेल्यांना द्यावी लागते, आणि त्यांचे मत कोणीच विचारीत नाही.

वडाचे झाड

हावड्याजवळ शिवपूर येथील वनस्पतिउद्यानात अडीचशे वर्षांहून अधिक वयाचा एक प्रचंड वटवृक्ष आहे. त्याच्या मूळ खोडाला बुरशीने ग्रासले आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. झाड मेले नाही. हजारो पारंब्यांवर ते आजही उभे आहे व पसरते आहे. दूरून पाहणाऱ्याला ते एक अरण्यच वाटते. आरंभीचे खोड कोठे होते, हे दाखवावे लागते.

पारंब्यांवर विसंबून निश्चिंतपणे जाणारी माणसेही असतात. वर उल्लेखिलेले हॉल्डेन १९५७ साली भारतात आले आणि येथलेच नागरिक झाले. १९६४ साली कर्करोगाने ग्रासलेले असताना त्यांनी आपल्या रोगावर विनोदी कविता लिहिली. त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे शरीर काकिनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठी देण्यात आले. जन्मभर जीवशास्त्र शिकविणाऱ्या त्या शिक्षकाचा अखेरचा पाठ शवविच्छेदनाच्या मेजावर झाला, आणि समोर बसलेले विद्यार्थी नवे होते.